जवसाच्या तेलाचा निवाडा

इतवारीतल्या वच्छलाबाईंच्या तेलघाणीचं जवसाचं तेल अर्ध्या नागपूरला पचायचं. पचत नव्हतं ते एकट्या सुनेला. गोपिकेच्या जिभेला ते लागलं की अंगभर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे, श्वास कोंडायचा. घरानं या आजाराला तीन वर्षं एकच नाव दिलं होतं, नखरे. तिचा नवरा जागेश्वर मोठा न्यायी माणूस. आईचंही ऐकायचा आणि आईचंच ऐकायचा.

अठ्ठ्याहत्तर साली सरकारी प्रयोगशाळेतल्या डॉक्टर शामलाबाई अन्नाच्या वावड्यावर संशोधन करत होत्या. दोन वर्षांत त्यांना धड एक रोगी गवसला नव्हता. गोपिकेचं कानावर येताच त्यांनी तिला तपासणीला बोलावलं. रक्तातल्या पेशींवर जवसाचा अर्क टाकायचा. ज्याला वावडं, त्याच्या पेशी फुटणार.

"फुटल्या तर तुले करडईचं तेल वेगळं," सासूबाईंनी जाहीर केलं. "नाही फुटल्या तर तू उमरेडले, बापाच्या घरी. कायमची."

गोपिकेला तीन दिवस घास गोड लागला नाही. आपल्याच पेशींचा भरवसा कोणी द्यावा?

तुलनेला निरोगी रक्तही हवं होतं. वच्छलाबाईंनी लगेच हात पुढे केला. "घ्या माह्यं. साठ वर्सं झाली जवस खाऊन राहिली मी."

शामलाबाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली दोघींच्या शंभर-शंभर पेशी मोजल्या. सासूच्या तीन फुटल्या, सुनेच्या एकसष्ट. डॉक्टरीणबाईंचा आनंद गगनात मावेना. रोगी समोर बसली आहे, हेही त्या विसरल्या. गोपिकेला मात्र रडू फुटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी तिच्या बाजूनं साक्ष दिली होती.

पण वच्छलाबाई काय हार मानतात! त्यांनी दोन्ही काचा मन लावून पाहिल्या.

"पाहा गा जागेश्वर, माह्या पेशी कशा गुपचूप बसल्या हायेत. खानदानी! अन् हिच्या पाहा, एका थेंबात आकांडतांडव. वळणच नाही."

जागेश्वरनं वाकून पाहिलं. "हो ना, माय."

गोपिकेनं डोळे पुसले. तिला इतका संताप आला की भीती कुठल्या कुठे गेली.

"वळण नाहीच, आत्याबाई," ती म्हणाली. "पण करडईचं कबूल केलं तुम्ही."

करडई वच्छलाबाईंच्या घाणीत गाळतच नसत. ती गाळायचा समोरचा गुलाबचंद, त्यांचा वीस वर्षांचा वैरी. कबूल करताना हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

परतताना गोपिका थेट त्याच्या दुकानात शिरली. गुलाबचंदचं नाव छापलेला डबा तिनं डोक्यावर घेतला आणि भर बाजारात, सासरच्या साऱ्या गिऱ्हाइकांदेखत, वच्छलाबाईंच्या घाणीची पायरी चढली.