बोटीचा उरलेला अर्धा

आमच्या घरी कपाट आवरायला काढणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. मी खालचा खण बाहेर ओढला, तळाशी अंथरलेला पिवळा कागद फेकायला उचलला, आणि नवरा ओरडला, "थांब! ही तर बाबांची बोट!"

माझे सासरे तरुणपणी बंदराच्या लाइफबोटीवर वल्ही मारायचे. वादळात अडकलेल्या माणसांना काठावर आणणारी ती लाकडी बोट केव्हाच मोडीत निघाली. तिची छोटी प्रतिकृती करायची, हे खूळ घड्याळांचं दुकान बंद केल्यापासून नवऱ्याच्या डोक्यात होतं. अडलं होतं ते नकाशापाशी. आता नकाशाच हाती लागला. बाजूने काढलेली बोट पूर्ण होती. वरून काढलेली मात्र अर्धीच, मधोमध सुरीने कापल्यासारखी.

"उरलेला अर्धा दादाकडे असणार," नवरा म्हणाला. "जोडीतलं दुसरं कपाट त्यानेच नेलंय."

बाबांच्या माघारी सामानाची वाटणी करताना एका आरामखुर्चीवरून दोघा भावांचं बिनसलं, ते तेव्हापासून एकमेकांना पाण्यात पाहत होते. बोलणं बंद, येणंजाणं बंद. पण माझा नवरा जन्माचा घड्याळजी. एक चाक कमी असलेलं घड्याळ काय आणि अर्धा नकाशा काय, त्याला झोप लागत नाही. नाक मुठीत धरून तो निघाला, आणि भांडण झालंच तर सोडवायला म्हणून मी त्याच्या मागोमाग.

थोरल्या भाऊजींनी दार उघडलं. ते सुतार, अजूनही घरामागच्या खोलीत त्यांचं काम चालू असतं. नकाशा चष्म्याजवळ नेऊन त्यांनी बराच वेळ पाहिला.

"खरंच की, अर्धाच आहे," ते म्हणाले. "शोधू या. आधी चहा घ्या."

कपाट पाहिलं, नाही. ट्रंक पाहिली, नाही. "शनिवारी ये, पोटमाळा बघू," भाऊजी म्हणाले. पोटमाळा झाला, जिन्याखालची अडगळ झाली. दर वेळी चहा, दर वेळी बाबांच्या गोष्टी, आणि दर वेळी एखादी जागा बघायची राहूनच जायची. परतताना नवरा शिट्टी वाजवायचा. अशी शिट्टी मी लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकली होती, नंतर नाही.

एकदा चहा द्यायला मी भाऊजींच्या कामाच्या खोलीत गेले. भिंतीवर खिळ्यांना पुठ्ठ्याचे साचे टांगलेले होते: खुर्चीची अर्धी पाठ, आरशाची अर्धी चौकट.

"हे अर्धेच का हो?"

"दोन्ही बाजू सारख्याच ना. एक आखायची, मग साचा पालथा घालून दुसरी आखायची." एवढं बोलले आणि भाऊजींचा रंधा थांबला.

"म्हणजे बोटसुद्धा..."

"त्याला सांगू नकोस," ते हळूच म्हणाले. "नकाशा पुरा झाला की यायचा बंद होईल तो."

मला गलबलून आलं. मी वचन दिलं. पण माझ्या तोंडाला कडी असती तर आणखी काय हवं होतं! पुढच्याच शनिवारी भाऊजींनी नवऱ्याला जड पलंगाखाली सरपटायला लावलं. आतून चार शिंका आल्या, मागोमाग "इथेही नाही रे दादा!" असा केविलवाणा आवाज आला, आणि माझा संयम सुटला.

"या बाहेर! काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन्ही बाजू सारख्या, म्हणून एकच काढलीय. कागद पालथा घाला, झाली तुमची बोट पुरी!"

बोलले आणि जीभ चावली. नवरा बाहेर आला. केसांत जळमटं.

"दादा, तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवशीच."

नवऱ्याने नकाशाची गुंडाळी केली आणि तो दाराकडे निघाला. एका जिभेपायी मी दोन भाऊ पुन्हा तोडले होते. उंबऱ्याशी तो थांबला, परत फिरला आणि त्याने नकाशा पलंगावर पसरला.

"तुझ्या करवतीने बोट नाही, पलंग होईल," तो घुश्शातच म्हणाला. "उद्या माझी बारीक करवत आणतो."

भाऊजींनी घसा खाकरला. "केवढी करायची?"

नवऱ्याने हाताने वीतभर अंतर दाखवलं.

"छे! एवढीशी लगेच संपेल."

नवरा भावाकडे बघत राहिला. मग त्याने दोन्ही हात फाकवले, आणखी फाकवले, पार ताणले. भाऊजींनी त्याचं मनगट धरून अजून थोडं ओढलं.

एवढी बोट ना त्यांच्या घरात मावेल, ना आमच्या, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण या खेपेला मी तोंड मिटून ठेवलं.