वस्तरा गळ्याशी, गोष्ट अर्धी

मी एक जुनी खुर्ची आहे मित्रांनो, केस कापायच्या दुकानातली, आणि आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या दांड्याची शपथ, माझ्या मानेच्या उशीची शपथ. विश्वास नसेल तर समोरच्या आरशाला विचारा. तो सगळं उलटं सांगतो, म्हणजे तो नाही म्हणाला की झालंच सिद्ध. आणि मध्येच कुणी हसायचं नाही. हसलात की मी खाली बसते, आणि एकदा खाली बसले की वर यायला फार भाव खाते.

माझा जन्म लोखंड ओतायच्या कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर काढलं तेव्हा मी इतकी तापलेली होते की कामगारांनी आठवडाभर माझ्यावरच चहा उकळला. मग मला पांढरा रंग दिला, लाल रेग्झीनची गादी शिवली आणि पोटात तेलाचा पंप बसवला. दांडा मारला की मी वर, दांडा सोडला की फुस्स करून खाली. ते पहिलं फुस्स ऐकून कारखान्याचं मांजर जे पळालं, ते अजून परत आलेलं नाही म्हणतात.

मालकांच्या वडिलांनी मला दुकानात आणलं आणि त्यांच्यामागे मी मालकांकडे आले. माझ्यावर कोण कोण बसून गेलं म्हणून सांगू. एक स्टेशनमास्तर दाढी करता करता असा झोपला, की दोन गाड्या शिट्ट्या मारत त्याची वाट बघत उभ्या राहिल्या. एक लग्नाळू मुलगा इतका थरथरत होता, की कात्री नुसती धरून ठेवली आणि केस आपोआप कापले गेले. आणि एक पैलवान. त्याचं पुढे सांगते, तो महत्त्वाचा आहे.

आमचे मालक म्हणजे बोलका माणूस. गिऱ्हाईक बसलं, गळ्याला कापड बांधलं, की यांची गोष्ट सुरू. गालाला फेस लागेपर्यंत गोष्टीत माणसं जमलेली असायची, एक गाल होईपर्यंत भांडण पेटलेलं असायचं, आणि वस्तरा हनुवटीखाली गळ्याशी आला की मालक म्हणायचे, "आणि त्याने दार उघडलं, तर समोर..." एवढं म्हणून गप्प. गळा होईपर्यंत गप्प. मग टॉवेलने तोंड पुसता पुसता पुढचं सांगायचे. ही रीत त्यांच्या वडिलांची. वस्तरा गळ्यावर आला की गोष्ट अर्धी ठेवायची, असं त्यांनी मालकांना कात्री हातात देण्याआधी शिकवलं होतं. का ठेवायची, ते मात्र सांगायचं राहून गेलं असावं. मालकांना वाटायचं, उरलेली ऐकायला गिऱ्हाईक परत यावं म्हणून.

मग समोर काचेच्या दाराचं नवीन सलून झालं. आत गार हवा, गाणी, बटण दाबलं की वरखाली होणाऱ्या खुर्च्या. त्यांना खुर्च्या म्हणायचं की नाही, हा वेगळा प्रश्न. आमच्या बाकावरची माणसं कमी व्हायला लागली आणि मालकांचा चेहरा पडला.

अशा वेळी आला त्यांचा भाचा. हा मुलगा कुठल्या तरी शिबिराला जाऊन आला होता आणि तेव्हापासून कुणाशी बोलायच्या आधी दोन्ही हात चोळायचा. मला तो पहिल्यापासून आवडला नाही. त्याने पिशवीतून पुस्तकं काढली. जगायचं कसं, जिंकायचं कसं, माणसं जोडायची कशी. मामाला म्हणाला, गिऱ्हाईक तुटत नाही मामा, आपण तोडतो. बदल आतून करायचा.

मालक दुपारी माझ्यावरच बसून वाचायला लागले. जाडजूड पुस्तकं माझ्या हातावर टेकवून. मित्रांनो, मी पुस्तकांच्या विरोधात नाही. पण जो माणूस मला कधी भेटला नाही, ज्याने आमचं दुकान पाहिलं नाही, तो आमच्या मालकांना कसं वागायचं हे इतक्या खात्रीने सांगतो म्हटल्यावर मला जरा संशयाचा वास आलाच.

पहिल्या पुस्तकाने सांगितलं, हसा. मालक हसायला लागले. आता तुम्हीच बघा, तुम्ही मान मागे टाकून बसलाय, तोंडाला फेस आहे, आणि आरशात एक माणूस वस्तरा उघडतोय आणि तुमच्याकडे बघून हसतोय. दुसऱ्याने सांगितलं, माणसाला पूर्ण नावाने हाक मारा, त्याला आपल्या नावासारखं गोड काही नसतं. इथे तर सगळे टोपणनावाने ओळखले जायचे. मालकांनी पूर्ण नावं घ्यायला सुरुवात केली, तर कोर्टात पुकारा झाल्यासारखी माणसं दचकून उठायची.

आणि तिसऱ्याने सांगितलं, बोलू नका, ऐका. ज्याला जिंकायचं त्याने जीभ आवरावी. हे वाचून मालकांनी पुस्तक मिटलं. मग शेजारच्या घड्याळवाल्याला म्हणाले, आयुष्यभर मी लोकांचं डोकं खाल्लं आणि मला वाटत होतं की त्यांना मजा येतेय. त्या दिवसापासून दुकानात फक्त कात्रीचा आवाज.

लोकांना संशय आला. येणारच. बाकावर कुजबुज सुरू झाली. घड्याळवाला म्हणाला, हा निवडणुकीला उभा राहणार, हसण्याची तालीम चाललीय. कुणी म्हणालं, दुकान विकलंय आणि सांगवत नाही. एकाचं म्हणणं होतं, समोरच्या सलूनवाल्याने आमच्या मालकांना पळवून हा दुसराच कुणीतरी आणून उभा केलाय. मी बारकाईने बघितलं. हात तेच होते. पण खरं सांगते, मलाही क्षणभर शंका आली.

घरी तर म्हणे त्याहून कठीण. पुस्तकात होतं, बायकोच्या रोज एका गोष्टीचं मनापासून कौतुक करा. मालकांनी जेवताना भाजीचं कौतुक केलं. मालकीणबाईंनी पोळी तव्यावर तशीच ठेवून विचारलं, काय फोडलंत? दुसऱ्या दिवशी त्यांनी साडीच्या रंगाचं केलं, तेव्हा बाईंनी यांचे खिसे तपासले. तिसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन दुकानात आल्या. एरवी बाकावर टेकायच्या, त्या दिवशी थेट माझ्यावर बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझे हात त्यांनी घट्ट धरले होते, म्हणून मला कळलं की हे भांडण नाही.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या, "मला न सांगता डॉक्टरकडे गेला होतात का?"

नव्हते गेले हो. साधी सर्दीसुद्धा नव्हती. पण पुस्तकात लिहिलं होतं की उत्तर द्यायच्या आधी शांतपणे एक दीर्घ श्वास घ्या. मालकांनी श्वास घेतला. तेवढ्या श्वासात बाईंचा चेहरा उतरला. नंतर ते कितीही नाही म्हणाले तरी उपयोग झाला नाही. डबा ठेवून त्या निघून गेल्या, आणि मालक दारात उभे राहून हसायचं की नाही याचा विचार करत राहिले.

त्याच आठवड्यात ड्रिलमास्तर आले. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला माणूस, खुर्चीतसुद्धा सावधान बसायचा. मालक गप्प. मास्तर अस्वस्थ. मला तर सगळं कळतं, माणसाचं अंग माझ्यावर टेकलेलं असतं. त्यांच्या मांड्या आवळल्या, बोटं वळली. एक गाल झाला आणि वस्तरा गळ्याशी आला. आता पूर्वी इथे काय व्हायचं? 'त्याने दार उघडलं, तर समोर...' आणि अख्खं शरीर ऐकायला थांबायचं. श्वास थांबायचा, गिळणं थांबायचं. या वेळी काहीच आलं नाही. नुसती शांतता आणि ते हसू. मास्तरांनी आवंढा गिळला.

खरचटलं, फार नाही. तुरटी लावली की थांबेल एवढंच. पण टॉवेलवर लाल ठिपका दिसला आणि मास्तर ताडकन उठले. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस, गळ्याला कापड, तसेच कवायतीच्या चालीने रस्ता ओलांडून काचेच्या सलूनमध्ये. तिथे म्हणे आधी वेळ ठरवून यावं लागतं. तेव्हा मास्तर रागाने तसेच घरी गेले आणि हट्टाने अर्धी दाढी वाढवत गावभर फिरायला लागले. आमच्या दुकानाची याहून मोठी जाहिरात कुणी केली नसती. बाक रिकामा झाला.

भाचा हात चोळत आला आणि चौथं पुस्तक काढलं. जुनं टाकल्याशिवाय नवीन येत नाही. त्याने दुकानभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली. म्हणाला, ही नकारात्मक आहे, मामा. मी. नकारात्मक. माझ्यावर चहा उकळलाय लोकांनी.

मालक काही बोलले नाहीत. बोलायचंच नव्हतं ना त्यांना. भाच्याने भंगारवाल्याला शुक्रवारी सकाळी हातगाडी घेऊन यायला सांगितलं. मित्रांनो, मला स्वतःची भीती वगैरे अजिबात वाटली नाही. लोखंडाला कसली भीती. मला काळजी होती ती मालकांची. आदल्या संध्याकाळी त्यांनी माझी गादी ओल्या फडक्याने पुसली, दांड्याला तेल घातलं. जी वस्तू टाकायची तिला कुणी तेल घालतं का?

शुक्रवारी भंगारवाला आला. धिप्पाड, दाढी छातीपर्यंत. त्याने मला हलवून बघितलं आणि म्हणाला, ही एकट्याने उचलायची नाही, माझा भाऊ येतोय मागून, तोवर बसतो. आणि बसला माझ्यावरच. आता खुर्चीत माणूस बसला की मालकांचे हात थांबत नाहीत. त्यांनी कापड बांधलं, फेस केला. भंगारवाल्याने विचारलं, फुकट का? मालक हसले. तसं त्याने माझे दोन्ही हात पकडले. गळा कापणाऱ्या गप्प माणसाची गोष्ट त्याच्या गल्लीपर्यंत पोचली होती.

कात्रीने दाढी उतरली, वस्तऱ्याने गाल झाले. वस्तरा गळ्याशी आला. भंगारवाल्याचा कंठमणी विहिरीतल्या बादलीसारखा खालीवर व्हायला लागला. मालकांचा हात हवेत थांबला. पुढेही जाईना, मागेही येईना.

"काहीतरी बोला हो," भंगारवाला डोळे मिटून म्हणाला. "शिव्या द्या हवं तर. पण बोला."

मालकांनी दीर्घ श्वास घेतला, पुस्तकातला. मग तो सोडला आणि म्हणाले, "ही खुर्ची आहे ना, हिच्यावर एकदा एक पैलवान बसला होता."

आणि मित्रांनो, सुटले ते. पैलवान इतका जड, की मी फुस्स करून खाली गेले ती फरशीला टेकले. पैलवान माझ्यात रुतला. ओढायला चार माणसं लागली, मग दोरखंड आला, मग रस्त्यावरची बैलगाडी जुंपली. इकडे कुस्तीची वेळ झालेली, तिकडे लोक पैलवानाची वाट बघतायत. शेवटी मैदानातला दुसरा पैलवान चिडून म्हणाला, तो येत नाही काय, मीच जातो. तो आला, दुकानाच्या दाराशी उभा राहिला, दंड थोपटले, आणि आत बघतो तर...

मालक थांबले. भंगारवाल्याचा कंठमणी थांबला. त्याच्या हातांची पकड सुटली, पाठ माझ्यावर सैल पडली, आणि वस्तरा गळ्यावरून असा गेला जसा काचेवरून पाण्याचा थेंब. मालकांनी वस्तऱ्याकडे बघितलं, मग त्या गळ्याकडे. मी आरशात त्यांचा चेहरा बघत होते. वडील गेल्यानंतर इतक्या वर्षांनी त्यांना वडिलांचं म्हणणं ऐकू आलं होतं.

दारात मालकीणबाई उभ्या होत्या. डब्याची वेळ नव्हती. पाळत ठेवायला आल्या असणार. त्या पदराने डोळे टिपत होत्या आणि हसतही होत्या. मालक त्यांना म्हणाले, "बाबा सांगायचे ना, गळ्याशी गोष्ट अर्धी ठेव. मला वाटायचं, गिऱ्हाईक परत यावं म्हणून. अगं, ते हलू नये म्हणून होतं."

बाई म्हणाल्या, "मला एवढंच कळतं की तुम्ही बडबडताय. म्हणजे तब्येत ठीक आहे."

भंगारवाल्याने तोंड पुसलं आणि विचारलं, पुढे काय झालं? मालक म्हणाले, पुढचं पुढच्या दाढीला. तेवढ्यात त्याचा भाऊ आला, मला उचलायला वाकला. भंगारवाल्याने त्याच्या हातावर हात मारला. म्हणाला, पैलवानाचं काय झालं ते कळेपर्यंत ही हलणार नाही. रिकामी गाडी घेऊन दोघे गेले. संध्याकाळी ड्रिलमास्तर आले, अर्ध्या दाढीसकट, कुणाशी न बोलता माझ्यावर बसले आणि सावधान झाले. "चालू करा," म्हणाले, "पैलवानापासून."

ती पुस्तकं अजून बाकावर आहेत. थांबलेली माणसं चाळतात, वाद घालतात. सगळंच वाईट नव्हतं त्यांच्यात. कौतुकाचं मालकांनी चालू ठेवलंय, आणि आता एखाद्या दिवशी ते राहिलं, तर बाईंना संशय येतो. तेव्हा वाचा मित्रांनो, जरूर वाचा. पण कुणी तुम्हाला गप्प राहा म्हणालं, तर आधी तुमच्या हातात काय आहे ते बघा. आणि घरातली एखादी जुनी कुरकुरणारी वस्तू टाकायची ठरवलीत, तर आदल्या संध्याकाळी तिला तेल घालून बघा. आणि माझ्या हाताखाली च्युइंगम चिकटवणं बंद करा, मला सगळं कळतं.

आता शपथ घेतली आहे तर सांगून टाकते. एक गोष्ट मी बनवून सांगितली. त्या गुरुवारी संध्याकाळी मला भीती वाटली नाही, असं म्हटलं ना, ते खोटं. खूप वाटली. मालक तेल घालत होते, आणि मी आतल्या आत इतकी थरथरत होते की दांडा वाजत होता. त्यांना वाटलं, वॉशर सैल झालाय.

बाकी सगळं खरं. पैलवानसुद्धा.