बोटामागचा हात

सकाळचे साडेदहा वाजायच्या आत केंद्राच्या मोठ्या हॉलमध्ये त्रेचाळीस माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि त्यांतल्या एकालाही टेबल टेनिस खेळायचं नव्हतं. दोन्ही टेबलं भिंतीला टेकवलेली, चित्रकलेचे स्टँड जिन्याखाली कोंबलेले. ज्यांच्यासाठी हा हॉल बांधला ती चाकाच्या खुर्चीतली, कुबड्यांवरची, काठीने वाट चाचपणारी मंडळी बाहेर व्हरांड्यात. आणि आत धडधाकट पायांची माणसं, आपापली चिंता मांडीवर घेऊन, मधोमध बसलेल्या एका तरुणाच्या उजव्या हाताकडे डोळे लावून बसलेली.

तरुण बावीस वर्षांचा. जन्मात एक शब्द बोललेला नाही. केंद्रात त्याला सगळे 'राजे' म्हणत, कारण दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा राहिल्याशिवाय स्वारी पोहण्याच्या तलावात पाऊल टाकत नसे. त्याचं मनगट धरून शेजारी स्पर्शगुरू बसले होते. समोर पाटीवर लिहिलेली बाराखडी.

"लक्ष द्या," स्पर्शगुरू म्हणाले. आवाज मधात बुडवून काढलेला. "हा मुका नाही. मुके आपण आहोत! आपण बडबडतो, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. मी कोण? मी नुसती वायर. वीज त्याची!"

एका कारकुनाने उभं राहून विचारलं, "बदली होईल का माझी?"

राजेंचं बोट पाटीवर फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. 'वाट पहा.'

हॉलभर उसासा उमटला. हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. दाराशी उभ्या असलेल्या व्यवस्थापक बाईंच्या आलं. पण वरिष्ठांकडून हेच उत्तर त्या गेली अकरा वर्षं ऐकत होत्या, त्यामुळे त्यांना त्यात चमत्कार दिसेना.

बाईंना मोजायची खोड होती. आज बंद पडलेले खेळ चार. तलावाची पाळी चुकलेले सात. व्हरांड्यात वैतागलेले सगळे. आणि अध्यक्षांचा फोन एक: "बाई, आणखी दहा दिवस हॉल द्या हो. केंद्राचं नाव होतंय." अध्यक्षांना आपल्या गुडघ्याबद्दल राजेंना विचारायचं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही, बाईंनी विचारलंही नाही. थकलेल्या माणसाला प्रत्येक लढाई लढता येत नाही, तो निवडून लढतो.

शिवाय एक गोष्ट बाईंनी कुणाला सांगितली नव्हती. दहा दिवसांपूर्वी याच पाटीवर राजेंच्या बोटाने पहिल्यांदा 'आई' लिहिलं, राजेंच्या आईने हंबरडा फोडला, तेव्हा बाईंनीही डोळे पुसले होते. दिवसभराच्या नोंदवहीत मात्र तेवढं लिहायचं राहिलं.

दाराशी स्पर्शगुरूंचा शिष्य येणाऱ्यांकडून फॉर्म भरून घेत होता. बाईंनी एक उचलला. घरात कोण कोण, नोकरी कुठे, आजार कुठला, 'मनातली मुख्य चिंता' कोणती. प्रश्न चौदा.

"आमच्याकडे प्रवेशाला नऊच प्रश्न असतात," बाई म्हणाल्या. "आणि राजेंना सगळं आतून कळतं ना? मग हे कशाला?"

"शिस्तीसाठी," शिष्य म्हणाला आणि फॉर्मचा गठ्ठा आत गुरूंच्या मांडीवर नेऊन ठेवला.

इतक्यात नर्स धावत आली. "बाई, राजेंच्या डब्यात फिटच्या गोळ्या तशाच आहेत. काल रात्रीची आणि आज सकाळचीही. आई म्हणतात, बंद केल्या."

बाईंच्या अंगातला शीण एका क्षणात गेला. त्याच्या जागी भीती आली. फिटच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या की काय होतं, ते त्यांनी एकदा या हॉलमध्ये पाहिलं होतं. लागोपाठ झटके, थांबायलाच तयार नाहीत, आणि रुग्णवाहिका वाटेत.

राजेंची आई पहिल्या रांगेत होती. बाईंनी तिला हाताला धरून व्हरांड्यात आणलं.

"ताई, गोळ्या का थांबवल्या?"

"मी नाही थांबवल्या. त्याने थांबवल्या." आईचा चेहरा उजळलेला होता. "परवा गुरूंनी हात धरला होता, तेव्हा स्वतः लिहिलं त्याने. 'गोळ्या नकोत, शब्द अडतात.' बाई, बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने स्वतःसाठी काही मागितलं. मी नाही म्हणू?"

"लिहिलं ते त्याने की गुरूंनी?"

"हेच म्हणणार, माहीत होतं मला!" आई उसळली. "आता घरी मी धरते त्याचा हात. माझ्या हातातही लिहितो. मग मी लबाड? सांगा ना, मी खोटं करते?"

ती खोटं करत नव्हती, हे बाईंनाही दिसत होतं. उत्तर आलं चाकाच्या खुर्चीतून. टेबल टेनिस शिकवणारे मास्तर, कमरेखाली लुळे आणि कमरेवर तिखट, दहा दिवस दारातून आत बघत होते. टेबल बंद असल्यावर दुसरं करणार काय?

"ताई, तुम्ही लबाड नाही," मास्तर म्हणाले. "पण मला एक सांगा, लिहिताना राजे बघतात कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"मी मोजलंय. पंख्याकडे. खिडकीकडे. तुमच्या बांगड्यांकडे. पाटीकडे सोडून सगळीकडे. मी तीस वर्षं बॅट धरतोय. न बघता एक फटका लागला तर नशीब म्हणायचं. वीस लागले तर बॅट दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे समजायचं."

आईने दारातून आत राजेंकडे पाहिलं. मग म्हणाली, "बघूनच घ्या ना मग. काय बघायचं ते बघा. माझ्या लेकरावर माझा विश्वास आहे."

तिघं हॉलमध्ये आली आणि बाईंनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. "परीक्षा?" स्पर्शगुरूंनी डोळे मिटले. "फुलाचा वास मोजायला फूटपट्टी लावता? परीक्षेने कंपनं मरतात!"

"दारातल्या चौदा प्रश्नांनी नाही मरत?" मास्तरांनी विचारलं.

दोघे-चौघे हसले. गुरू नाही म्हणायला उभे राहिले, पण आई तोवर त्यांच्या खुर्चीवर येऊन बसली होती आणि आपल्याच मुलाशेजारी बसायला आईला कोण अडवणार?

तयारी साधी होती. राजे आणि आई यांच्या डोळ्यांच्या मध्ये मास्तरांनी रंगकामाचा एक उंच पुठ्ठा उभा धरला. हात आणि पाटी दोघांनाही मोकळे. वस्तू दाखवायची, ती राजेंनी लिहायची. राजेंना काय दिसतं ते आईला दिसत नव्हतं. आईला काय दिसतं ते राजेंना नाही.

पहिल्यांदा बाईंनी दोन्हीकडे चमचा धरला. बोट फिरलं. 'चमचा.' टाळ्या पडल्या. दुसऱ्यांदा दोन्हीकडे कंगवा. 'कंगवा.' आणखी टाळ्या, आणि गुरूंचे डोळे आपोआप उघडले.

तिसऱ्यांदा बाईंनी राजेंपुढे लाल चेंडू धरला आणि आईपुढे किल्ली.

बोट जराही न अडखळता चाललं. 'किल्ली.'

आईने हसून पुठ्ठ्यावरून पलीकडे पाहिलं. तिथे चेंडू होता.

"चुकून झालं," ती म्हणाली. "थकलाय तो. पुन्हा."

राजेंपुढे ब्रश, आईपुढे पेला. 'पेला.' राजेंपुढे टोपी, आईपुढे साबण. 'साबण.' आता टाळ्या नव्हत्या. खुर्च्या करकरत होत्या फक्त. राजे पंख्याकडे बघत होते.

बाईंना तिथेच थांबावंसं वाटलं. पण अर्धवट कळलेली गोष्ट माणूस घरी जाईपर्यंत पुसून टाकतो, हेही त्यांना अनुभवाने माहीत होतं. शेवटच्या वेळी त्यांनी राजेंपुढे पोहताना दंडाला बांधायचा त्यांचा निळा फुगा धरला. राजेंचा चेहरा खुलला, तोंडातून आनंदाचा आवाज निघाला. आईपुढे त्यांनी काहीच धरलं नाही.

बोट पाटीवर घोटाळलं. एक फेरी, दुसरी फेरी. मग हळूच सरकलं आणि थांबलं.

'आई.'

आईने मनगट सोडलं. चटका बसल्यासारखं नव्हे. झोपलेल्या मुलाचा हात आपण अलगद खाली ठेवतो ना, तसं.

"हे मीच," ती म्हणाली. "घरीही पहिल्या दिवसापासून मीच."

स्पर्शगुरू पुढे आले. "मातेचा स्पर्श कच्चा आहे. साधना नाही."

"मग तुम्ही बसा की," मास्तर म्हणाले. "पुठ्ठा धरायला मी आहेच. मला कुठे उभं राहायचंय, पाय दुखायला?"

"माझी मौनाची वेळ झाली," गुरू म्हणाले आणि मौनाच्या मानाने बरंच बोलत, अश्रद्धांचं काय होतं ते सांगत फाटकाकडे निघाले. त्यांच्यामागे चोवीस माणसं गेली. कारकूनही गेला. बाईंना आश्चर्य वाटलं नाही. चमत्कार उघडा पडला की लोकांना चमत्काराचा राग येत नाही, उघडा पाडणाऱ्याचा येतो.

उरले एकोणीस. त्यांतल्या एका आजोबांनी विचारलं, "पण ही माउली खोटं बोलत नव्हती. मग बोट चाललं कसं?"

बाईंनी मास्तरांच्या गळ्यातली दोरीची शिटी काढून आजोबांच्या हाती दिली. "दोरी चिमटीत धरा. हात हलवायचा नाही. नुसतं मनात म्हणा, शिटी गोल फिरते आहे."

आजोबांनी धरली. थोड्या वेळाने शिटी गोल फिरू लागली. "अहो, मी नाही हलवत!"

"हलवताय. तुम्हाला कळत नाही इतकंच. मनात जे पक्कं बसतं, त्याच्यामागे हाताचे स्नायू केसभर सरकतात. ताईंच्या मनात जे होतं ते त्यांच्या हातात आलं, आणि त्यांच्या हातातून राजेंच्या बोटात. यात त्यांचा दोष नाही. गुरूंचं म्हणाल, तर गोळ्या बंद करा हे आधी त्यांच्याच हाताने लिहिलं गेलं. त्यांना कळत नसेल, असं मानायला मी तयार होते. पण ज्याला स्वतःवर भरवसा आहे, तो चौदा प्रश्नांचा फॉर्म आधी वाचत नाही, आणि पुठ्ठा पाहून पळतही नाही."

नर्सने तोवर डॉक्टरांना फोन लावला होता. गोळी आत्ताच द्या, आणि दिवसभर नजर ठेवा, असं त्यांनी सांगितलं. आईने डबा उघडला. गोळी तिने राजेंच्या हातावर ठेवली. राजेंनी ती पाण्याबरोबर निमूट गिळली.

"बाई," आई खाली बघत म्हणाली, "दहा दिवस बोलला हो तो माझ्याशी. तेवढं तरी ठेवायचं होतंत."

बाई तिच्याशेजारी बसल्या. त्यांचे गुडघे कुरकुरले.

"ठेवलं असतं, ताई. मलाही हवं होतं ते. पण त्या बोलण्याने त्याचं औषध तोडलं. उद्या त्याच बोटाने घर लिहून दिलं असतं, केंद्र सोडलं असतं, आणि आपण म्हणालो असतो, त्याचीच इच्छा." मग उरलेल्या एकोणिसांकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही कशावर श्रद्धा ठेवायची, ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते. जो म्हणतो माझी परीक्षा घेऊ नका, त्याच्या हातात आपल्या माणसाचं औषध देऊ नका. खरं असेल ते पुठ्ठा मध्ये धरल्याने मरत नाही. आणि जो बोलू शकत नाही, त्याच्या तोंडी आपले शब्द घालणं ही माया नाही, त्याचं तोंड दुसऱ्यांदा बंद करणं आहे."

"मग त्याला काय हवंय, ते मला कळणार कसं?" आईने विचारलं.

"विचारायचं. दोन गोष्टी पुढे ठेवायच्या, आपले हात पाठीमागे घ्यायचे, आणि थांबायचं."

"किती वेळ?"

"कधी पाच मिनिटं. कधी पाऊण तास. कधी त्या दिवशी कळतच नाही."

आईने राजेंपुढे त्यांचा निळा फुगा ठेवला, त्याच्याशेजारी रंगाचा उघडा डबा. हात पाठीमागे घेतले. हॉलमध्ये मास्तर टेबलं ओढून घेत होते, व्हरांड्यातली मंडळी आत येत होती, कुणी कुणाच्या पायावरून चाक नेल्याबद्दल भांडण जुंपलं होतं. राजे पंख्याकडे बघत होते. आईचा उजवा हात दोनदा पुढे यायला निघाला. तिने तो डाव्या हाताने धरून ठेवला.

अकराव्या मिनिटाला राजेंनी डबा ढकलला. तो टेबलावरून खाली पडला आणि पिवळा रंग फरशीभर पसरला.

"म्हणजे रंग नको?" आईने दबक्या आवाजात विचारलं. "की हवाय?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या आणि फडकं आणायला उठल्या. "पण ढकलला त्यानेच."