पदराखालचा आकडा

माझं तोंड चिमट्यासारखं आणि स्वभाव चोंबडा. कुणाचंही बोट पकडावं आणि त्याच्या रक्तात प्राणवायू किती, हे साऱ्या घराला सांगून टाकावं! मित्रांनो, मी एक जुना ऑक्सिमीटर आहे.

प्लॅस्टिकच्या दोन फाका, मधे स्प्रिंग, आत लाल दिवा. एवढंच माझं शरीर. कोरोनाच्या दिवसांत माझ्या मालकानं, किशोरनं, मला अकोल्याच्या जठारपेठेतून, रांगेत उभं राहून आणलं. काय माझा थाट होता तेव्हा! बार्शीटाकळीतली अर्धी गल्ली मला मागायला येई. साथ ओसरली आणि मी गेलो कपाटाच्या खणात, सुईदोरे आणि संपलेल्या सेलांच्या शेजारी. फार वाईट वाटलं मला.

मग किशोरच्या आईची, माणिकबाईंची, धाप वाढली. त्यांची उमेदीची वर्षं जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाण्यात गेली होती, आणि घरी चुलीचा धूर होताच. डॉक्टरांनी फुप्फुसाचा जुनाट आजार सांगितला. मला पुन्हा मान मिळाला. रोज सकाळी किशोर मला आईच्या बोटाला लावी, आकडा पाही, "चांगला हाय" म्हणे आणि कामाला जाई. मीही फुशारून जाई.

पण बसलेल्या माणसाचं बोट मला काय सांगणार? माणिकबाईंनी चालणंच सोडलं होतं. हात वर नेला की जीव घाबरा होई, म्हणून शालू, त्यांची सून, त्यांचे केस धुऊन देई. विहारात पूर्वी त्या वंदना सांगत. आता मागच्या भिंतीला टेकून नुसते ओठ हलवत.

अशात किशोरला अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या कापड गिरणीत नोकरी लागली. शालूला घेऊन सोमवारी निघायचं होतं. "आई एकटी राहू शकते असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तरच जाईन," असं त्यानं ठरवलं. आणि पोराची वाट अडवायची नाही, असं माणिकबाईंनी मनाशी पक्कं केलं.

मला बरोबर घेऊन तिघं अकोल्याच्या दवाखान्यात गेले. तिथल्या साधना मॅडम आकड्याआधी माणसाचं जगणं कसं चाललंय ते विचारत. "अंघोळ करताना दम लागतो?"

"नाही जी," किशोरच बोलला.

"रात्री झोप?"

"मस्त झोपते आई."

"किशोरभाऊ, प्रश्न त्यांना आहेत."

"सारं बरं हाय मॅडम," माणिकबाई घाईघाईनं म्हणाल्या. "मले काही होत नाही."

मी त्यांच्या बोटावर पंच्याण्णव दाखवत होतो. आकडा खरा होता, तरी माझा जीव खालीवर होत होता.

मॅडम म्हणाल्या, "व्हरांड्यात जरा चालून दाखवा. हा बोटालाच राहू द्या."

माणिकबाई निघाल्या. चेहऱ्यावर हसू, पाय मात्र ओढत होते. ब्याण्णव. एकोणनव्वद. शहाऐंशी झाले आणि मी ओरडायला लागलो. त्यांनी झटकन हात पदराखाली घेतला, मला मुठीत दाबलं. "गप ऱ्हाय रे!" त्या पुटपुटल्या आणि तशाच पुढे चालल्या. नखं निळसर पडत होती. या इथेच कोसळतील, असं मला वाटलं. मी जिवाच्या आकांतानं वाजत राहिलो.

शालूनं ऐकलं. ती धावली. तिनं सासूच्या पदराखालचा हात बाहेर काढला, चारचौघांत, नवऱ्यादेखत! खुर्चीत बसवत म्हणाली, "मॅडम, आई खोटं बोलून राहिल्या. रात्र रात्र बसून काढतात. मी पाह्यतो ना रोज!"

"काहून बोलली वं तू?" माणिकबाईंना शब्दागणिक थांबावं लागत होतं. "आता... हा जाणार नाही ना!"

धाप उतरल्यावर मॅडमनी पहिल्यापासून प्रश्न घेतले. किशोरनं एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. माणिकबाई एकेक सांगत गेल्या. शेवटी मॅडमनी विचारलं, "घरात एकटं राहायची भीती वाटते?"

त्या लेकाकडे पाहत राहिल्या. "वाटते," म्हणाल्या. "श्वास अडकला तं हाक बी निघत नाही. कोणाले बलावू?"

किशोरचा चेहरा उतरला. "आई, मले काहून नाही सांगतलं?"

"तुनं इचारलं कवा, बाप्पा? तू तं रोज मशीनच पाहे."

किशोरनं मला काढून ठेवलं आणि आईचं बोट तसंच धरून बसला. नांदगाव पेठेला तो जाणार आहे, पण तिघांना राहता येईल अशी खोली मिळाल्यावर.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला धाप लागत असेल तर मला खुशाल लावा. माझे सेल बदला, मला पुसून ठेवा. पण आकडा पाहून लगेच उठू नका. जवळ बसा. धापेपायी काल काय करायचं राहून गेलं, ते विचारा, आणि उत्तर त्यांचं त्यांनाच देऊ द्या. त्यांना मधे श्वास घ्यावा लागतो, म्हणून वेळ लागेल. तेवढं थांबा.