बुधवारची खोली

मंदीच्या वर्षी पुण्याच्या खराडी भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने माणसं कमी करायचं ठरवलं आणि ते ज्याचं त्याला सांगायचं काम राजनंदिनीवर आलं. ती एचआरमध्ये होती. नावं वरच्यांनी काढली, पण समोर बसून बोलायचं होतं तिला. कोपऱ्यातल्या छोट्या मीटिंग रूममध्ये एकेकाला बोलवायचं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवायचा, ‘कंपनीच्या परिस्थितीमुळे’ अशी सुरुवात करायची आणि शेवटी ओळखपत्र मागून घ्यायचं. कुणी भांडलं, कुणी रडलं. एक मुलगा नुसताच हसत राहिला, त्याची तिला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

त्या माणसांत पूर्वाही होती. दोघी कंपनीत एकदमच लागल्या होत्या आणि तेव्हापासून दुपारचा डबा एकत्र खात होत्या. पूर्वाने वाद घातला नाही. गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि एवढंच विचारलं, “काल जेवताना तुला माहीत होतं?”

राजनंदिनीने ओळखपत्र आपल्याकडे ओढून घेतलं. माहीत होतं.

त्यानंतर पूर्वाने तिचा फोन कधी उचलला नाही. ऑफिसात राहिलेले लोक वाईट वागत नव्हते. पण कँटीनमध्ये ती ज्या टेबलाशी जाई तिथलं बोलणं आटे, घास भराभर गिळले जात आणि “चला, कॉल आहे” म्हणत एकेक जण उठे. एकदा तिने स्टेपलर मागायला एकाला हाक मारली, तर तो खुर्चीतून उठून उभाच राहिला, चेहरा पांढराफटक. “स्टेपलर हवा होता,” ती म्हणाली. त्याने स्टेपलर तिच्या हातात न देता टेबलाच्या कडेला ठेवला. त्या दिवसापासून तिने कुणाला नावाने हाक मारणं सोडलं. डबाही ती आगीच्या वेळी वापरायच्या मागच्या जिन्यात बसून खाऊ लागली, कारण तिथे कुणी येत नसे.

घरीही तिची वाट बघणारं कुणी नव्हतं. नवरा, सुदर्शन, अमेरिकेत प्रोजेक्टवर होता आणि परतायची तारीख पुढे पुढे जात होती. सकाळी त्याचा फोन येई. “कशी आहेस?” “मजेत. तू?” “मजेत.” मग तिकडच्या थंडीबद्दल थोडं बोलणं होई आणि ती चहाचा कप विसळून बस पकडायला निघे.

असं चाललं असताना एक दिवस तिच्या साहेबांनी, श्यामसुंदरनी, तिला बोलावलं.

“लोकांचा मूड गेलाय. मुख्य ऑफिसकडून वेलनेस प्रोग्रॅम करायचा निरोप आलाय. योगा, कौन्सेलर, काय ते बघ. तुझी सगळ्यांशी ओळख आहे.”

राजनंदिनीला वाटलं ते थट्टा करताहेत. ते लॅपटॉपमध्ये बघत होते.

योगाला पहिल्या दिवशी शिकवणारी बाई आणि राजनंदिनी अशा दोघीच आल्या. कौन्सेलर म्हणून तिने डेक्कनवर दवाखाना असलेले मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर गोपाळकृष्ण यांना ठरवलं. साठी ओलांडलेले, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. ते बुधवारी दुपारी येणार होते. त्यांना द्यायला एकच खोली मोकळी निघाली. कोपऱ्यातली, छोटी.

डॉक्टर बुधवारी येत, खुर्चीत बसत, वर्तमानपत्र वाचत आणि संध्याकाळी जात. जायच्या वेळी राजनंदिनी डोकावून विचारी, “कुणी आलं होतं?”

“एक जण आला होता. प्रिंटर कुठे आहे विचारत होता.”

पुढच्या बुधवारी त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “बाई, ही खोली आधी कशासाठी वापरत होते?”

तिने सांगितलं.

“मग इथे कोण येईल? मी नोकरीला असतो तर मीसुद्धा आलो नसतो.”

राजनंदिनी हसली. हसता हसता तिला थांबता येईना आणि ते हसणं कधी रडण्यात गेलं ते तिलाच कळलं नाही. डॉक्टर उठले, काचेवरचा पडदा ओढला आणि परत जागेवर बसले.

“बसा. माझा वेळ रिकामाच आहे. कंपनी त्याचेच पैसे देते.”

ती बसली. पूर्वाबद्दल बोलली. भूक लागत नाही, पहाटेपासून डोळे उघडे असतात, हे बोलली. डॉक्टरांनी उपदेश केला नाही. मधूनमधून एखादा प्रश्न विचारला, तोही आढेवेढे न घेता. त्यानंतर दर बुधवारी, सगळे कामात असताना, ती पडदा ओढून तिथे बसू लागली. बाहेरच्यांना वाटे, मॅडम डॉक्टरांकडून कामाचा अहवाल घेताहेत.

“खोली बदलून घेते,” ती एकदा म्हणाली.

“घ्या. पण त्याने भागणार नाही. इथे आलेला माणूस पुढच्या वेळी घरी जाणार, असं लोकांना वाटतं. चुकीचं वाटतं का?”

“मला माहीत नाही,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

मग एका बुधवारी ती डबा घेऊन मागच्या जिन्यात गेली, तर तिथे आधीच कुणीतरी बसलेलं होतं. बुद्धभूषण. भंडाऱ्याकडचा, टेस्टिंगमधला, पूर्वाच्या टीममधला मुलगा. एक हात भिंतीला टेकवून तो तोंडाने श्वास घेत होता आणि तो पुरत नव्हता. कपाळावर घाम होता. राजनंदिनीला पाहताच तो धडपडत उठला.

“मी ठीक आहे, मॅडम. दोनच मिनिटं. प्लीज, रिपोर्ट नका करू.”

माणसाला श्वास घेता येत नव्हता आणि त्याला भीती वाटत होती ती तिची.

“खाली बस,” ती म्हणाली. डबा बाजूला ठेवून तीही त्याच्या खालच्या पायरीवर बसली. “मी कुणाला काही सांगणार नाही. आधी श्वास सोड. घेऊ नकोस, सोड. हळू.”

बऱ्याच वेळाने त्याचे खांदे खाली आले. मग तो भिंतीकडे बघत बोलला. गेलेल्या माणसांचं काम त्याच्यावर आलं होतं. फोन वाजला की छातीत धडधडायचं. रूमवरचे मित्र गावी परतले होते, तो एकटाच उरला होता. आई रोज फोन करायची, त्याचं उत्तर ठरलेलं. “मी बरा आहो.”

“आणि गाडीवरून येताना,” तो म्हणाला, “मुंढव्याला नदीच्या पुलावर थांबावंसं वाटते.”

“थांबून काय करावंसं वाटतं?”

तो आपल्या बुटांकडे बघू लागला. तिने प्रश्न सोडला नाही. “जीव द्यावासा वाटतो?”

त्याने मान हलवली आणि रडू लागला. राजनंदिनीने आवाज हलू दिला नाही.

“डॉक्टर आलेत. चल.”

“नाही मॅडम. तिकडे जाताना कुणी पाहिलं तर—”

“मी जाते तिकडे.”

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

“कामाला नाही. माझ्यासाठी जाते. दर बुधवारी. कुणी विचारलं तर सांग, मॅडमना बरं नव्हतं, त्यांच्यासोबत गेलो होतो.”

दोघं सगळ्या मजल्यावरून चालत गेले. कीबोर्डांचा आवाज वाटेत थांबत गेला. तिने बुद्धभूषणला आत बसवलं, दार लावलं आणि दाराबाहेर खुर्ची ओढून बसली, जशी दवाखान्यात माणसं आपल्या नंबराची वाट बघत बसतात. सगळे बघत होते. तिने खाली पाहिलं नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांनी बुद्धभूषणच्या घरी फोन केला, त्याच्या परवानगीने. दुसऱ्या दिवशी त्याची आई, कांताबाई, पुण्यात आली. औषधं सुरू झाली. राजनंदिनीने त्याची रजा ‘आजारपण’ म्हणून मंजूर करून घेतली. आजारपणच होतं ते.

सुदर्शनचा फोन आला तेव्हा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, ती म्हणाली, “मी बरी नाहीये रे.” तो म्हणाला, “मीपण नाही.” त्या दिवशी थंडीबद्दल कुणी बोललं नाही आणि फोनही लगेच कुणी ठेवला नाही.

हळूहळू बुधवारी लोक येऊ लागले. रांग लागली नाही. एखादा, कधी दोघं. दारातून आत शिरताना ते तिच्याकडे एकदा बघत आणि ती आपल्या कामात डोकं घालत असे. डबा खायला मात्र अजूनही तिच्यासोबत कुणी बसत नव्हतं. तशी तिची अपेक्षाही उरली नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी श्यामसुंदरनी तिला बोलावून दार लावायला सांगितलं.

“आणखी एकदा माणसं कमी करावी लागतील. डॉक्टरांकडे कोण कोण जातं?”

“का, सर?”

“जे आधीच दमलेत त्यांना ठेवून उपयोग काय? त्यांच्याही भल्याचंच आहे.”

“मी जाते,” राजनंदिनी म्हणाली.

“तुझं नाही विचारत मी.”

“मला एवढं एकच नाव सांगता येईल, सर.”

त्यांनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं. “विचार करून बोल.”

“केलाय.”

डॉक्टरांनाही त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “वय झालं, नावं लक्षात राहत नाहीत,” आणि घड्याळात पाहिलं.

महिन्याभरात वेलनेस प्रोग्रॅम बंद झाला. राजनंदिनीची हिंजवडीच्या ऑफिसात बदली झाली. तिथे कंपनीच्या बसगाड्या आणि कँटीनचं कंत्राट बघायचं काम होतं. निरोपाला केक आला नाही. बुद्धभूषण तेवढा खालपर्यंत तिची पिशवी घेऊन आला. तो आता बरा दिसत होता, थोडा सुटलाही होता. “आई सारखं तुमचं विचारते,” म्हणाला. रिक्षा आली, म्हणून पुढचं बोलणं राहून गेलं.

हिंजवडीत तिला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून कुणी घाबरतही नव्हतं. जाता-येता वाहतुकीत बस उभी राही आणि ती काचेला डोकं टेकून बाहेरच्या गाड्यांतली एकटी एकटी माणसं बघत राही. शनिवारी ती स्वतःच्या खर्चाने डेक्कनला डॉक्टरांकडे जाऊ लागली.

अशाच एका शनिवारी दवाखान्याच्या बाकावर कोपऱ्यात श्यामसुंदर बसलेले दिसले. दाढी वाढलेली, हातात मोबाइल, पण स्क्रीन बंद. तिला पाहून ते अर्धवट उठले, परत बसले. बाक एकच होता. ती दुसऱ्या टोकाला बसली.

“झोप येत नाही,” ते म्हणाले, समोरच्या भिंतीला सांगावं तसं. “ते सांगायचं काम आता माझ्याकडेच आलंय.”

राजनंदिनीला आपल्याला आनंद होईल असं वाटलं होतं. तो झाला नाही. त्यांच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती, तेवढंच तिला दिसत राहिलं.

“ऑफिसात कुणाला...” ते म्हणाले.

“नाही सांगणार, सर.”

आतून त्यांना बोलावलं. ते गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले ते तिच्याकडे न बघता, कठड्याला धरून जिना उतरून गेले. मग आतून तिचं नाव घेतलं गेलं आणि ती पदर सावरून उठली.