डाव्या खांद्याची बंदूक

पर्स जुनी होती, मान्य. पण ती माझी होती, आणि माणसाने निदान विचारून तरी कापावी. मी ग्रोसरी घेऊन घरात शिरले तर डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर उघडी बंदूक, आणि शेजारी आमचे नंदकुमार माझ्या तपकिरी चामड्याच्या पर्सची एक बाजू कात्रीने कापत बसलेले. बंदुकीच्या लिव्हरला गुंडाळायला मऊ चामडं हवं होतं म्हणे, दुकानातलं कडक येतं. वर मलाच विचारतात, बारीक टाके घालून शिवून देशील का. चोर तो चोर, वर शिरजोर.

दिलं शिवून. कुणासाठी चाललंय ते मला ठाऊक होतं, म्हणून फार ताणलं नाही.

वॉल्टर आमचा शेजारी. नागपूर सोडून आम्ही एडमंटनला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात हे ड्राइव्हवेवरचा बर्फ चक्क झाडूने झाडत होते. पलीकडून हा धिप्पाड म्हातारा आला, ह्यांच्या हातात फावडं दिलं, शोव्हल कसं करायचं ते दाखवलं आणि एक शब्द न बोलता परत गेला. तेव्हापासून दोघांची गट्टी. विंटर टायर कधी घालायचे, फर्नेसचा आवाज कधी मनावर घ्यायचा, सगळं वॉल्टरला विचारायचं. त्याचे आईवडील युक्रेनमधून आलेले. अथाबास्काकडे त्यांची शेती होती आणि शेताच्या कडेला पॉप्लरचं रान. दर नोव्हेंबरात तो ह्यांना तिथे हरणाच्या शिकारीला न्यायचा.

आता आमचे हे म्हणजे ऑफिसात बसून पंपांची ड्रॉइंग काढणारे. घरात झुरळ निघालं तर मला हाक मारणारे. पण त्या शिकारीची वाट वर्षभर बघायचे, रीतसर लायसन्ससुद्धा काढलं. हरीण मिळालं की मी सावजी रस्सा करायचे. वॉल्टर नाक-डोळे पुसत पुसत तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा, आणि ह्याला तिखट म्हणतात का, असं मलाच विचारायचा. माझे वडील गेले तेव्हा मला भारतात जाता आलं नव्हतं. त्या दिवशी हा माणूस आमच्या किचनमध्ये नुसता बसून राहिला होता. सांगायचं म्हणजे, तो आमचा शेजारी नव्हता, माणूस होता आमचा.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, त्याच्या मुलीने, आयरीनने, त्याला नर्सिंग होममध्ये ठेवलं आणि घर विकायला काढलं. त्याची जुनी बंदूक कागदोपत्री ह्यांच्या नावावर करून दिली. पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा वॉल्टरची जीभ अजून जड होती. तरी त्याने ह्यांचा हात धरला आणि म्हणाला, "एकदा, नँडी. अजून एकदाच." कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही. आयरीनही हो म्हणाली. तिने चौकशी केली होती, लायसन्सवाला माणूस शेजारी असला की वडिलांना बंदूक धरता येणार होती.

प्रश्न हाताचा होता. लिव्हरची बंदूक म्हणजे चापाखाली लोखंडाची एक कडी असते. ती खाली ओढून परत वर दाबली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवीन आत जातं. वॉल्टरची बंदूक त्याच्या बापाच्या वेळची, लिव्हर ओढायला चांगलाच जोर लागायचा. आणि ह्याच्याकडे उरला होता एक डावा हात, तोही अर्ध्या ताकदीचा.

झालं. हे बेसमेंटमध्ये उतरले ते सप्टेंबर संपेपर्यंत माझ्या हाती लागले नाहीत. बंदुकीच्या पोटातले तुकडे काढायचे, बारीक दगडावर तेल टाकून घासायचे, पुसायचे, जोडायचे, ओढून बघायचे, नाक मुरडायचं आणि पुन्हा सगळं काढायचं. स्प्रिंग नरम घातली. लिव्हरची कडी मोठी करून घेतली, म्हणजे आखडलेली बोटं सहज आत जातील. माझा शिवणाचा टेप घेऊन हे नर्सिंग होममध्ये गेले आणि वॉल्टरचा डावा हात कोपरापासून बोटापर्यंत मोजून आले. तिथल्या नर्सने विचारलं, स्वेटर विणताय का? हे हो म्हणाले. बंदूक म्हणाले असते तर पुन्हा आत कुणी सोडलं असतं?

त्या मापाने खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता कापला. वॉल्टरला आता खुर्चीत वाकूनच बसता यायचं, म्हणून बराच आखूड केला आणि डाव्या गालाला टेकेल असा एका बाजूने खरवडला. मग त्याला जवसाचं तेल चोळायला सुरुवात झाली. आमच्याकडे ज्या जवसाची चटणी करतात, त्याचंच तेल. तळहाताने चोळायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं डोकं दुखतं तेव्हा ह्या माणसाने कधी बोटभर तेल लावलं नाही. बेसमेंटमध्ये सवत आणून ठेवलीय, असं मी वरून ओरडायचे. खालून नुसता घासल्याचा आवाज यायचा. पण खरं सांगते, कधी कपडे धुवायला खाली गेले आणि ते घासताना दिसले की मी जिन्यातच थांबायचे. चेहरा इतका शांत असायचा की हाक मारवत नसे.

शेवटी नळीला आणि सगळ्या पोलादाला काळसर निळा रंग चढवून झाला. काम संपलं. हंगाम तोंडावर आला होता, आयरीनने सुट्टी घेतली होती, मी पहिल्या शनिवारचा डबासुद्धा ठरवला होता. आणि मध्ये आली खंडेनवमी.

ह्यांचे वडील नागपुरात अजनीला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर. त्यांच्या घरी खंडेनवमीला हत्यारं धुवून पुसून पूजेला मांडायची आणि दसरा उजाडेपर्यंत हलवायची नाहीत, हा नियम. एरवी देवाला नमस्कार करायचीही आठवण नसते, पण हे एक मात्र कधी चुकलं नाही. बेसमेंटमध्ये पाट मांडला. ड्रिल, नट आवळायचे पाने, बर्फाचं फावडं, आणि मधोमध वॉल्टरची बंदूक. देवापुढे तेलकट हत्यार कसं ठेवायचं, म्हणून तिच्यावरचं तेल साबणाने धुवून कोरडं पुसलं. मग हळदकुंकू चांगलं ओलं कालवलं आणि पोलादावर पाचही बोटं उमटवली. वर ओल्या अक्षता, झेंडूऐवजी दुकानातली पिवळी शेवंती. हात जोडून बराच वेळ उभे राहिले. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

दसऱ्याला सकाळी कुंकू पुसलं तर खाली पाच तांबडे डाग. गंज. नवा रंग तेलाशिवाय ओल सोसत नाही, हे ह्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? रंग चढवताना मला दहादा सांगितलं होतं, ओला हात लावू नकोस. पण पूजेचं पाणी म्हणजे जणू पाणीच नव्हे.

मी म्हटलं, तेल लावा आणि द्या तशीच, लिव्हर तर छान चालतेय. ऐकतील तर शप्पथ. सगळा रंग उतरवून पहिल्यापासून चढवायचा म्हणाले, आणि आत कुठे ओल गेली असेल म्हणून पोटातलंही सगळं पुन्हा बाहेर काढलं. वॉल्टरला फोन केला. स्पीकरवर होता, मीही तिथेच होते. तो आधी खूप हसला, हसताना त्याला खोकला आला. मग म्हणाला, "डाग राहू दे, नँडी. बंदूक घेऊन ये."

हे म्हणाले, "थोडे दिवस थांब. तुला अशी नाही द्यायची मला."

पहिला शनिवार गेला. मी भांडले, अबोला धरला. दुसऱ्या आठवड्यात बंदूक आरशासारखी झाली. मला दाखवायला वर आणली, करंगळीने लिव्हर ओढून दाखवली. दोघं हसलो, अबोला संपला. शुक्रवारी सकाळी मी पराठे लाटत होते तेव्हा आयरीनचा फोन आला. वॉल्टर पहाटे झोपेतच गेला होता.

चर्चमध्ये अंत्यविधी झाला. नंतर सगळे जेवायला बसले. घरी आल्यावर बूट काढता काढता हे म्हणाले, "तो म्हणत होता, डाग राहू दे." आणि तिथेच दारात बसून रडले. मी काय समजूत घालणार? मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याइतकंच रडूही येत होतं.

चर्चमधून निघताना आयरीनने ह्यांना जवळ घेऊन सांगितलं होतं, शेतावर जाऊन या, बाबांना आवडेल. हंगामाच्या शेवटच्या शनिवारी हे उठले. एकट्याला सोडवेना, म्हणून मीही निघाले. आयुष्यात पहिल्यांदा. दोन स्वेटर, त्यावर पार्का, वर शिकाऱ्यांची ती नारंगी टोपी. शेताच्या कडेला बर्फात घडीच्या खुर्च्या टाकून बसलो. थंडीने माझे दात वाजत होते आणि हे मला गप्प राहायच्या खुणा करत होते.

बऱ्याच वेळाने रानातून हरणाचा एक नर बाहेर आला. चांगला मोठा, शिंगांचा. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, बर्फ उकरून खाली उरलेलं धान्य खाऊ लागला. ह्यांनी बंदूक उचलली. उजव्या खांद्याला लावली, मान वाकडी केली, खाली घेतली. डाव्या खांद्याला लावली. आखूड दस्त्यामागे अंग मुडपून, खुर्चीत पोक काढून, एक डोळा मिटून बसले. माझे दात वाजायचे थांबले. मी गोळीची वाट बघत राहिले. बराच वेळ ते तसेच वाकून होते. मग हळूच बंदूक मांडीवर ठेवली.

"काय झालं हो?" मी कुजबुजले.

"ह्याच्यातून मला नेम दिसत नाही," ते म्हणाले. "त्यालाच दिसला असता."

मी म्हटलं, घरी गेल्यावर लाकूड जोडून घ्या, तुमच्या मापाची करा. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. हातमोजा काढला आणि बंदुकीवर पडलेला बर्फ रुमालाने टिपत राहिले. समोर हरीण निवांत खात होतं.