छोटी बॅटरी

शोरूममधली खुर्ची तिला टोचत होती. ती उठायची, मोठ्या बॅटरीच्या निळ्या स्कूटरचा ब्रेक दाबून बघायची, पुन्हा येऊन बसायची. चष्म्याच्या दुकानात दिवसभर फ्रेममध्ये काचा बसवणाऱ्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं.

"घर ते दुकान, एवढीच हिची धाव," नवरा सेल्समनला सांगत होता. "छोटीवर भागतंय, तर मोठीत पैसे कशाला ओतायचे?"

"आणि टेकडीपलीकडे ताईकडे जायचं झालं तर?" ती उसळली.

थोरली बहीण तिकडच्या गावात राहायची. लग्न झाल्यापासून तिच्याकडे जाणं म्हणजे नवऱ्याबरोबर जायचं आणि चहा घशाखाली उतरतो न उतरतो तोच त्याने चपलांत पाय सरकवायचे. "मुक्काम कशाला? घरचं कोण बघणार?" हे त्याचं ठरलेलं. ताई दरवेळी गादी घालून ठेवायची आणि दरवेळी गुंडाळायची.

नवरा मोबाइलवर दुसऱ्या दुकानातले भाव धुंडाळू लागला. सेल्समन तिच्याकडे वळला.

"मॅडम, मग मोठीच घ्या. जाऊन त्याच दिवशी परत याल. छोटी तिथवर पोचेल, पण परत यायचं तर रात्रभर चार्जिंगला लावावी लागेल."

ब्रेकवरचा तिचा हात सुटला.

"रात्रभर?"

"त्याला इलाज नाही."

ती खुर्चीत पहिल्यांदाच पाठ टेकून बसली.

"छोटीच द्या."

नवऱ्याची कळी खुलली. "बघ, शेवटी पटलं ना माझं?"

"अगदी पटलं," ती म्हणाली.